गाडी थांबली की बंद पडणारा फ्रिज

फ्रिज निवडायला मिस्त्रींनी अडीच महिने घेतले आणि त्याची वायर निवडायला अडीच मिनिटं. पुढे जे काही झालं ते त्या अडीच मिनिटांपायी झालं.

मिस्त्री म्हणजे बस डेपोतले इंजिनांचे मिस्त्री. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बसगाड्या रस्त्याला लावल्या. रिटायर झाल्यावर टपाल खात्याने मोडीत काढलेली एक उंच व्हॅन उचलली, वर्षभर अंगणात उभी केली आणि तिचा कॅम्पर केला. पलंग, ओटा, कपाटं, सगळं हाताने. भिंतींना आतून लाकडी फळ्या मारल्या आणि त्यांच्यावर वॉर्निशचे चार हात दिले. शेजारी बघायला आले की मिस्त्री आधी त्यांना चपला काढायला लावायचे.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. विद्यार्थी तिला लॅबबाई म्हणायचे, घरीदारीही तेच नाव पडलं. सहा वर्षांपूर्वी बाईंच्या बोटांचे सांधे धरले. ज्या हातांनी काचनळीतला थेंब न् थेंब मोजला, त्या हातांना ब्लाऊजचं हुक लागेना. मग दर पंधरा दिवसांनी घ्यायचं एक इंजेक्शन सुरू झालं आणि हात परत हातासारखे चालायला लागले. ते इंजेक्शन मोठ्या हॉस्पिटलातूनच मिळायचं, तेही तीन महिन्यांची सहा एकदम. आणि मधे फुटली, हरवली तर पुढच्या खेपेपर्यंत नाही. दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, एवढं खोक्यावर ठळक छापलेलं होतं.

आता लेकीला दिवस गेले होते. ती राहायची पाच दिवसांच्या रस्त्यावर. बसमध्ये बाईंना दोन तासांवर बसवायचं नाही, म्हणून कॅम्पर. बाईंचं म्हणणं एकच होतं. बाळाला घ्यायचं तर हात हवेत, आणि हात हवेत तर फ्रिज हवा.

म्हणून अडीच महिने. मिस्त्री दुकानोदुकानी फिरले. एका दुकानात दुकानदाराने एक देखणी पेटी पुढे केली. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही, वजनाला कापूस. मिस्त्रींना ती आवडली होती. बाईंनी फक्त विचारलं, की बाहेर चाळीस असेल तर आत किती? दुकानदार म्हणाला, बाहेरपेक्षा वीसने कमी नक्की. बाईंनी पेटीचं झाकण लावून टाकलं. दुसरा गॅसवर चालणारा होता, पण गाडी अगदी सपाट जागी उभी नसली की तो नीट थंड करत नाही, आणि रस्त्यात सपाट जागा काय आपल्या नावावर लिहून ठेवलेली असते? शेवटी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज ठरला. बाहेर आकडे दिसणारा, महागडा, खणखणीत. त्याच्यासाठी गाडीत दुसरी मोठी बॅटरी बसली, ती इंजिन चालू असताना भरायची. छतावर एक सोलर पॅनल बसलं. निवड चोख होती. त्यात कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं.

राहिली वायर. डेपोतला जुना दोस्त, ज्याला सगळे वायरमन म्हणूनच ओळखत, येऊन बघून गेला आणि बजावून गेला: बॅटरीपासून फ्रिजपर्यंत थेट जाड केबल टाक, मध्ये फ्यूज घाल, दुसऱ्या कुठल्या वायरीला जोडू नकोस. मिस्त्री हो हो म्हणाले. पण बॅटरी होती पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली आणि फ्रिज मागे पलंगाखाली. जाड केबल न्यायची तर त्या वॉर्निश केलेल्या फळ्या उचकटाव्या लागणार. फळ्यांमागून मागच्या दिव्यासाठी एक वायर आधीच गेलेली होती. दिव्याला पुरते तर फ्रिजला का नाही? वीजच ती. मिस्त्रींनी तीच वायर फ्रिजला दिली.

अंगणात आठ दिवस चाचणी घेतली. घरच्या विजेवर चार्जर लावलेला, फ्रिज चार अंशांवर ठाण मांडून बसला. बाईंनी आपला काचेचा थर्मामीटर आत ठेवून तपासलं आणि मान डोलावली. बाईंची मान डोलणं म्हणजे सरकारी शिक्का. मिस्त्री त्या दिवशी उगाचच दोनदा गाडी पुसत होते.

प्रवासाचा पहिला दिवस सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तळ्याकाठी मुक्काम केला होता तिथे, बाई हातपाय मोकळे करायला बाहेर गेल्या आणि मिस्त्री दूध काढायला वाकले. फ्रिजवर लाल दिवा लुकलुकत होता. आकडा चौदा.

मिस्त्रींनी फ्रिजचा प्लग हलवून पाहिला. त्यांनी बॅटरी तपासली. भरलेली, साडेबारा व्होल्टच्या वर. इंजिन चालू केलं तर फ्रिजने एक आचका दिला आणि गुरगुरायला लागला. लाल दिवा गेला. बाई परत आल्या तेव्हा आकडा अकरावर उतरला होता आणि मिस्त्री फ्रिजच्या आकड्यावर टॉवेल वाळत घालत होते.

"इंजिन का लावलंय?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, गार पडलंय, जरा तापू दे. हे खोटं त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्यांना स्वतःलाच दचकायला झालं.

सांगायचं होतं त्यांना. खरंच होतं. पण आधी दुरुस्त करू, मग हसत हसत सांगू, असा विचार त्यांनी केला. आणि माणूस एकदा का असा विचार करायला लागला की ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय लागते. दिवसभर गाडी चालली, दिवसभर फ्रिज चालला. संध्याकाळी गाडी झाडाखाली उभी केली, तासाभराने फ्रिज गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी सोळा. मिस्त्रींना काही केल्या उमजेना. बॅटरी भरलेली, फ्रिज नवा, इंजिन चालू असलं की चालतो आणि गाडी थांबली की थांबतो. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, पण वायरीतून काय वाहतं ते कानाला ऐकू येत नाही. वायरमनला फोन करायला त्यांचा हात दोनदा खिशात गेला आणि दोनदा रिकामा बाहेर आला. तो पहिला प्रश्न काय विचारणार हे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी उपाय सुरू केले. थर्मामीटर आतून काढून खिशात टाकला. बाईंना म्हणाले, गचके बसून फुटेल. पेट्रोल पंपावर बर्फाची पिशवी घेतली, इंजेक्शनांच्या खोक्याला टेकवून कोंबली आणि फ्रिजचं बटण सगळ्यात थंडवर नेलं. म्हणजे दिवसा चालेल तेवढ्यात भरपूर थंड होऊन राहील. जेवायला थांबले तरी इंजिन बंद करेनात. बाई बघत होत्या. एकदा म्हणाल्या, की तुम्ही आयुष्यभर ड्रायव्हरांना उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं म्हणून ओरडलात.  त्या दिवशी दोघांनी एकमेकांशी रस्ता सोडून दुसरं काही बोलणं केलं नाही.

चौथा दिवस इंजेक्शनाचा. सकाळी फ्रिजवर तेरा होते. मिस्त्रींनी लवकरच गाडी काढली आणि चार तास सलग हाकली. आकडा खाली, आणखी खाली. बाराच्या सुमाराला एका ओसाड वळणावर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. इंजेक्शनाची वेळ त्या कधी चुकवत नसत.

बाईंनी साबणाने हात धुतले. बोटं आज जरा सुजलेली होती, पंधरवड्याच्या शेवटी असायची तशी. मिस्त्रींनी खोकं काढून दिलं. एक इंजेक्शन रुमालावर ठेवून, खोकं परत फ्रिजमध्ये सारून बाई अर्धा तास थांबल्या. थंडगार टोचलं की आग होते. तो अर्धा तास मिस्त्रींनी स्टिअरिंगवर हात ठेवून काढला. काही होणार नाही, असं ते स्वतःला सांगत होते. आणि झालं तर? बिघडलेलं औषध अंगात गेलं तर काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागे बाईंनी पोटावरची कातडी स्पिरिटने पुसली. तो वास पुढे आला आणि मिस्त्री उठले.

"घेऊ नकोस," ते म्हणाले. "तीन दिवस झाले, फ्रिज बंद पडतोय."

बाईंची सुई हातातच राहिली. मिस्त्री उभे होते. कॅम्परचं छत त्यांच्या डोक्याला लागत होतं, म्हणून मान वाकलेली होती. ते लागलं नसतं तरी वाकलेलीच असती.

"केव्हापासून केव्हापर्यंत?"

"गाडी थांबल्यावर तासाभराने पडतो. सकाळपर्यंत."

"किती अंश?"

"सकाळी बघतो तेव्हा चौदा होते. मग सोळा. आज तेरा."

"लिहून ठेवलंत?"

लिहून कुठलं ठेवायला. बाईंनी सुईवर टोपण परत बसवलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. मग त्यांनी खोक्यातली बाकीची पाच एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली. तीन स्वच्छ. चौथं त्यांनी तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं आणि मिस्त्रींच्या पुढे धरलं. आतल्या पाण्यात बारीक बारीक काटे दिसत होते, काचेवर दव गोठतं तसे. पाचवंही तसंच. बर्फाच्या पिशवीने खोकं मागे ढकललं होतं, फ्रिजच्या त्या भिंतीला जिथून थंडी येते. आणि बटण सगळ्यात थंडवर होतं.

मिस्त्री खाली बसले. गरम होऊन गेलं असतं ते एक वेळ नशीब म्हणता आलं असतं. ही दोन त्यांनी स्वतःच्या हाताने, वाचवता वाचवता मारली होती.

बाईंनी ओरडावं असं त्यांना फार वाटलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ती दोन वेगळ्या पिशवीत घातली, पिशवीवर फुली मारली, बर्फ बाहेर फेकला, बटण स्वतः मधोमध आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "दवाखाना असलेलं गाव बघा. आणि इंजिन बंद करू नका."

ते गाव नव्वद किलोमीटरवर निघालं. नव्वद किलोमीटर बाई मागे पलंगावर फ्रिजजवळ बसून होत्या, पुढच्या सीटवर आल्याच नाहीत. आरशात मिस्त्रींना त्यांचा फक्त गुडघा आणि गुडघ्यावरचा हात दिसत होता. दर दहा मिनिटांनी त्या आकडा मोठ्याने वाचायच्या. सात. सात. सहा. मिस्त्री "बरं" म्हणायचे. एवढंच बोलणं. एका चढावर इंजिन आचके द्यायला लागलं. हे बंद पडलं तर गाडीही गेली आणि फ्रिजही. गिअर खाली टाकून त्यांनी चढ काढला.

दवाखाना लहान होता. औषधं देणारी एक चष्मेवाली बाई, वयाने लेकीएवढी, जाळीमागे बसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं, फुली मारलेली पिशवी आधी बाजूला सरकवली आणि सांगितलं की एकदा गोठलेलं औषध उद्या कितीही स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. उरलेल्या चारांचं तिला स्वतःला सांगता येईना. तिने औषधाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून विचारलं गेलं: एकूण किती तास, जास्तीत जास्त किती अंश? नक्की आकडे नसतील तर सगळीच टाका.

चष्मेवालीने फोनवर हात ठेवून दोघांकडे पाहिलं.

बाईंनी पर्समधून वही काढली. कुठे थांबलो, किती वाजता, केव्हा निघालो, हे त्या रोज लिहीत, शाळेतली सवय. थर्मामीटर मिस्त्रींनी पळवला होता, पण घड्याळ बाईंच्या मनगटावर होतं. त्या थांबल्याची वेळ सांगायच्या, मिस्त्री सकाळचा अंश सांगायचे. पहिल्यांदा ते घाईने बोलले तेव्हा बाईंनी थांबवलं. अंदाजे नको, आठवून सांगा. मिस्त्रींनी डोळे मिटले. चौदा. हो, चौदाच, लाल दिव्याखाली चौदा. इंजिन लावल्यावर आकडा खाली यायला किती वेळ लागला? दीड तास. तिसऱ्या दिवशी दोन. काउंटरवर वही ठेवून दोघांनी डोकी जवळ आणली तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे एकमेकांना लागले. बेरीज झाली: एकतीस तास, सोळाच्या वर कधीच नाही.

फोनवर वाट बघावी लागली. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं, बाहेर कॅम्परचं इंजिन चालू होतं आणि मिस्त्रींचा एक कान तिकडे होता.

मग चष्मेवाली "हो, हो" म्हणाली, काहीतरी लिहून घेतलं आणि फोन ठेवला. चारही वापरायला हरकत नाही. मात्र आता यापुढे सूट नाही. पुन्हा अशी बाहेर राहिली तर टाकून द्यायची. बाईंनी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून, इंजेक्शन घेतलं. मिस्त्रींनी कापूस धरला. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

राहिली तीन. म्हणजे हिशेबाने शेवटचं दीड महिन्याने. आणि लेकीच्या बाळंतपणाला अजून दोन महिने होते.

मिस्त्रींनी मग आवारातूनच वायरमनला फोन केला. पहिला प्रश्न तोच आला, कुठली वायर टाकलीस? मिस्त्रींनी खरं उत्तर दिलं.  मग वायरमन म्हणाला, की बॅटरीवर मोजू नकोस, फ्रिजच्या प्लगपाशी मोज, आणि इंजिन बंद करून, कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणाला मोज.

व्होल्ट मोजायचा मीटर बाईंनी धरला. आकडे वाचायचं काम त्यांचंच. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि दिवे लावून ठेवले, म्हणजे बॅटरी मुक्कामावर असते तशी होईल. बारा पूर्णांक सहा, बाई म्हणाल्या. बारा सहा. कॉम्प्रेसर सुरू झाला. "दहा आठ," बाई म्हणाल्या, आणि फ्रिज बंद पडला.

बॅटरी भरलेलीच होती. पण ती सुतळीएवढी वायर वाटेतच बरीच ताकद खात होती, आणि बॅटरी संपली असं समजून शहाणा फ्रिज स्वतःला बंद करून घेत होता. इंजिन चालू असलं की पुढून जास्त जोर यायचा, तेवढ्यावर निभायचं. घरच्या चार्जरवरही तेच झालं होतं. मिस्त्रींनी हे सगळं बाईंना नीट सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. फळ्यांचंही सांगितलं.

"वॉर्निशसाठी?" बाई म्हणाल्या.

"हो."

बाई बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बोटं वळत नाहीत म्हणून हे सगळं केलंत, आणि सांगायला तुमची जीभ वळली नाही. फ्रिजचा राग नाही मला. तीन दिवस मी तुमच्या शेजारी बसून होते."

मिस्त्री उठले. ते ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन बोटाएवढी जाड केबल आणि फ्यूज घेऊन आले. चष्मेवालीने तोवर उरलेली तीन इंजेक्शनं दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतली. मिस्त्रींनी पटाशी घेतली आणि पहिली फळी उचकटली. वॉर्निश तडतडलं. संध्याकाळपर्यंत सहा फळ्या निघाल्या. बाई पुढून केबल सरकवत होत्या, मिस्त्री मागून ओढत होते, "आली का?" "अजून हातभर," असं चाललं होतं. उजेड जायच्या आत जोडणी झाली. इंजिन बंद. बाईंनी मीटर टेकवला. बारा सहा, कॉम्प्रेसर सुरू झाला, बारा चार. दोघंही तसेच वाकून उभे राहिले, कुणी मीटर काढायला तयार होईना. बारा चार.

ती रात्र ते आवारातच राहिले, औषधं दवाखान्यात ठेवून. सकाळी रिकाम्या फ्रिजवर चार होते. बाईंनी आपला थर्मामीटर मिस्त्रींच्या खिशातून मागून घेतला, आत ठेवला, तासभर थांबल्या आणि मगच तीन इंजेक्शनं घेऊन आल्या. पुढच्या सीटवर बसल्या. गाव मागे पडल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या कुठल्याशा पाटीवर काहीतरी शेरा मारला आणि मिस्त्री गरजेपेक्षा जरा जास्तच हसले.

लेकीकडे ते एक दिवस उशिरा पोचले. फ्रिज पुन्हा कधी थांबला नाही. चष्मेवालीने दिलेली चिठ्ठी घेऊन मिस्त्री तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात अकरा वेळा गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं की दोन इंजेक्शनं कशाने गेली, तर दरवेळी सांगायचे, माझ्या चुकीने. बाराव्या खेपेला दोन मिळाली, पण तोवर बाईंचा एक डोस चुकून दोन आठवडे झाले होते आणि बाळ आठ दिवसांचं झालं होतं. त्या आठ दिवसांत बाईंनी बाळाला उचललं नाही. त्या भिंतीला टेकून बसायच्या, मिस्त्री नातीला उचलून त्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवायचे आणि रडली की परत घ्यायचे. मिस्त्रींचे हात इंजिनाचे; सुरुवातीला फार घट्ट धरायचे. बाई म्हणायच्या, सैल धरा, पडत नाही ती.

जावयाने एकदा जेवताना सहज विचारलं, की प्रवास कसा झाला, फ्रिजने त्रास नाही ना दिला? लेक बघायला लागली. बाई ताटात बघत राहिल्या. मिस्त्रींनी पाण्याचा घोट घेतला आणि तळ्याकाठच्या त्या सकाळपासून सुरुवात केली.